संत्र्याच्या बागेतला दुपारचा गारवा

संशोधनाची माहिती कशी जपावी, हे माझ्याकडून शिकावं! अमरावतीच्या आमच्या विभागात कुणाच्या फायली पेनड्राइव्हसकट हरवतात, कुणाच्या ‘शेवटची’, ‘खरी शेवटची’ अशा नावांनी पिलावळीसारख्या वाढतात. आपलं तसं नाही. प्रत्येक फाइलवर बागेचं नाव, तारीख, यंत्राचा क्रमांक. शिवाय तीन प्रती, तीन जागी.

पीएचडीसाठी मी वरूडला नत्थुजी नावाच्या शेतकऱ्याच्या आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या मिळून पाच संत्राबागांत तापमान टिपणारी यंत्रं झाडांना टांगली होती. मेअखेर आकडे उघडले आणि खुर्चीतून उठलोच. बाहेर पंचेचाळीस अंश असताना भर दुपारी बागेत अठ्ठावीस! संध्याकाळी पुन्हा वर.

“यंत्र बिघडलं असेल,” माझ्या मार्गदर्शक तायडे मॅडम म्हणाल्या.

“एखादं बिघडेल. इथे पाचही बागांत तोच गारवा आहे.”

“म्हणजे झाडंच गारवा करतात?”

“पण काही दिवशी करत नाहीत.”

“का?”

त्या ‘का’ने आमची झोप उडवली. पाऊस पाहिला, वारा पाहिला, बागेला पाणी दिल्याच्या तारखा पाहिल्या. काही जुळेना. तरी अकोल्याच्या परिषदेत निबंध वाचायचं ठरलं, कार्यक्रमपत्रिकेत नाव छापून आलं, आईने पेढेसुद्धा वाटले. हा उन्हाळा हुकला तर वर्ष वाया जाणार होतं.

“लोक पहिला प्रश्न हाच विचारतील. भर दुपारी जाऊन बघून ये,” मॅडम म्हणाल्या.

गेलो. नत्थुजींच्या झाडावर नुसती दोरी लोंबत होती. शेजारच्या बागेतही दोरीच. पाचव्या बागेतही तेच. माझी पीएचडी चोरीला गेली होती!

धावत नत्थुजींचं घर गाठलं. आत कूलर घरघरत होता. त्यासमोर बाजेवर नत्थुजी पडले होते आणि त्यांच्या उशाशी माझी पाचही यंत्रं ओळीने पहुडली होती.

“नत्थुजी, हे काय?”

“या जी, बसा. मशीनले हात लावला त चटकाच बसला. म्हटलं, जळून जाईन तुमची महागाची वस्तू. म्हून दुपारची घरात आणतो. ऊन उतरलं का पुन्हा झाडाले.”

“आणि बाकीच्यांची?”

“त्यायच्या घरी कूलर नाही. मंग काय त्यायच्या मशीन उन्हात मरू द्याच्या?”

मी खाली बसलो. “रोज आणता?”

“लाइन गेली त नाही आणत. बंद कूलरसमोर ठेवून काय फायदा?”

रडावं की या माणसाच्या पाया पडावं, मला कळेना. मॅडमना फोन लावून सगळं सांगितलं.

“परिषदेतून नाव काढून घेते,” त्या म्हणाल्या. “आणि स्वप्निल, निघण्याआधी एक विचारून घे. कूलर कुठून घेतला त्यांनी? आमचा पस्तिसाच्या खाली येतच नाही.”