वाढप्याची वाट

"एका पंक्तीत सगळे बसतील, काका. ते माझ्यावर सोडा," कौशिक छातीठोकपणे म्हणाला, आणि सुधींद्र रावांनी कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्याकडे मान वळवून पाहिलं.

त्यांच्या मुलीनं, संयुक्तानं, 'मी कौशिकशी लग्न करणार' असं घरात जाहीर केल्यापासून राव कौशिकशी बोलताना त्याच्या मागची भिंत बघत. मुलगा मराठी होता, चांगल्या नोकरीत होता, बोट ठेवायला जागा नव्हती. पण तो इचलकरंजीचा, आणि रावांचं घराणं मराठीच असलं तरी कैक पिढ्यांचं तंजावरचं. "तिकडची माणसं आमटीत गूळ घालतात. पोरगी कशी राहील?" एवढंच ते म्हणत, आणि लग्नाचा विषय तिथंच संपे.

आता रविवारी रावांची साठीशांत होती. इकडे चेन्नईत साठीला नवराबायकोचं पुन्हा थाटात लग्न लावतात. पण ठरलेलं कार्यालय मालकानं दोघांना देऊन ठेवलं होतं, ते ऐनवेळी गेलं. वेस्ट मांबलममध्येच दुसरं मिळालं, पण त्याचा माडीवरचा जेवणाचा हॉल छोटा. दोन पंक्ती बसवाव्यात तर तंजावरच्या पाहुण्यांची एग्मोरहून दुपारची गाडी चुकणार. गाडीपायी कुणी उपाशी परतलं असतं, तर रावांना पुढची साठ वर्षं ते ऐकावं लागलं असतं.

"जागा वाचवणं हाच तर माझा धंदा," कौशिक म्हणाला.

धंदा खरंच तो होता. सिरुसेरीच्या एका कंपनीत तो चिपचे नकाशे आखायचा. चिप वेगानं चालली पाहिजे, तिनं वीज कमी खाल्ली पाहिजे आणि जागाही कमी घेतली पाहिजे. यातल्या दोन गोष्टींची समजूत काढली की तिसरी हटकून रुसते. कौशिकचा जीव जागेवर. नखाएवढ्या तुकड्यात तो इतके भाग ठासायचा की साहेब खूश व्हायचे. मग त्या भागांना जोडणाऱ्या तारा कुठून न्यायच्या, हा प्रश्न शेजारच्या टेबलावर जायचा. शेजारच्या टेबलावर संयुक्ता बसायची. दोघांची ओळखच मुळी भांडणातून झालेली.

"तारांना वाट ठेव ना रे! हवेतनं नेऊ?"

"ते तुझं काम," कौशिक म्हणायचा.

कार्यालयाचा नकाशाही त्यानं ऑफिसच्या संगणकावरच आखला. संयुक्ता तेव्हा घरी आईबरोबर लाडू-मुरुक्कूत कोपरापर्यंत बुडाली होती, नाहीतर तिनं पाहताक्षणी कपाळावर हात मारला असता.

रविवारी मुहूर्त साधला, रावांनी विशालाक्षीबाईंच्या गळ्यात दुसऱ्यांदा मंगळसूत्र बांधलं, आणि मंडळी जेवायला माडीवर आली. कौशिकनं लांब टेबलांच्या रांगा अशा लावल्या होत्या की पुढच्याच्या खुर्चीची पाठ मागच्याच्या टेबलाला टेकावी. परीक्षेच्या हॉलसारखे सगळे एकामागे एक बसले. खरोखर सगळे बसले! एकही माणूस उरला नाही. पुढून दुसऱ्या रांगेत, अगदी मधोमध, उत्सवमूर्ती बसले. "परवा नाही, बरंच जमवलं, इंजिनीयर हुशार आहे," असं राव शेजाऱ्याला म्हणाले ते कौशिकनं ऐकलं, आणि त्याला दोन बोटं स्वर्ग उरला.

तेवढ्यात आचारी नारायणस्वामी आपले वाढपी घेऊन आला. हातात मिठापासून सांबारापर्यंत सगळं होतं. दारात येऊन तो थबकला. डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत, मध्ये माणसंच माणसं.

"सार, वळी एंगे?" त्यानं विचारलं. वाट कुठं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

कौशिकनं हॉलकडे पाहिलं. माणसाची रुंदी, खुर्चीची खोली, पानाची लांबी, सगळं त्यानं धरलं होतं. रसम चालत कुठून येणार, हे धरलंच नव्हतं.

"हातोहात पुढे द्या!" तो ओरडला. सांबाराची बादली खांद्यांवरून निघाली आणि तिसऱ्या रांगेत बँकेतल्या राजगोपालांच्या नव्याकोऱ्या रेशमी वेष्टीवर, म्हणजे धोतरावर, सांडली. नारायणस्वामीनं बादली परत मागून घेतली. इतकी माणसं इतकी दाटीनं बसल्यावर उकाडा वाढला. म्हणून कौशिकनं कोपऱ्यातले भाड्याचे दोन मोठे पंखे लावले. त्याबरोबर फ्यूज उडाला आणि छताचे पंखेही थांबले.

"काय वो इंजिनीयर," दुसऱ्या रांगेतून रावांचा आवाज आला, "मीठ तरी येणार कां?"

सगळे हसले. राव हसले नाहीत. ते पुन्हा भिंतीकडे बघू लागले. झालं, लग्न मोडलं, असं कौशिकला वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले.

संयुक्ता धावत आली. "वाट ठेवली नाहीस?"

"ते तुझं का..." सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, आणि त्यानं जीभ चावली.

"एक सोडून एक रांग उठव," ती म्हणाली. "उठलेले तिथंच उभे राहून मागच्यांना वाढतील."

"पाहुण्यांना पानावरून उठवू? तुझे अप्पा मला जिन्यावरून ढकलतील."

"मग ढकलू देत. पण सांगायचं तूच."

कौशिक पुढं गेला. हात जोडले. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "तुम्हाला बसवण्याच्या नादात वाढप्यांचा विचारच केला नाही. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या रांगेतल्यांनी कृपा करून उठावं आणि वाढायला हात लावावा. त्यांत कुणी गाडीवाले असतील त्यांनी बसलेल्यांशी जागा बदलून आधी जेवून घ्यावं."

"अगो बाई, पानावरनं उठवतो?" रावांची तंजावरची आत्या म्हणाली. सगळ्या माना रावांकडे वळल्या.

रावांनी आपल्या पानाकडे पाहिलं. मग आत्याच्या पिशवीकडे पाहिलं, तिच्यात गाडीची तिकिटं होती. "पान कोरडं आहे, आत्या," ते म्हणाले. "कोरड्या पानावरनं उठलं तर दोष नाही." रेशमी वेष्टी गुडघ्यापर्यंत खोचून ते उठले. "सांबार आण रे इकडे!"

मग काय विचारता! उत्सवमूर्तीच उठल्यावर बसून कोण राहतो? राजगोपालांनी आधीच माखलेल्या वेष्टीनं बेधडक रसम वाढलं. रांगा मोकळ्या झाल्या तशी खिडक्यांतून समुद्रावरचं वारं आत आलं. जेवढे जेवणारे तेवढेच वाढणारे, त्यामुळं पायसमापर्यंतची पंक्ती बघता बघता उठली आणि आत्या ढेकर देत एग्मोरला निघाली.

दुसऱ्या पंक्तीला टेबलं सरकवून ऐसपैस वाटा सोडल्या. आता जेवलेले वाढू लागले. राव मात्र बादली सोडायला तयार नव्हते. सरकारी हिशेब खात्यात उभ्या हयातीत त्यांना कुणी 'अजून द्या' म्हटलं नव्हतं.

कौशिकला संयुक्ताशेजारचं पान मिळालं. मघाचा धडा ताजा होता, म्हणून त्यानं खुर्ची चांगली हातभर लांब ओढून घेतली. राव बादली घेऊन समोर आले आणि थांबले.

"मध्ये ही वाट कुणाला?"

"वाढप्याला, काका."

"वाढपी मी. मी समोरनं वाढतो." रावांनी पहिल्यांदाच सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "उगीच जागा वाया घालवू नका. सरका तिकडे."

कौशिकनं संयुक्ताकडे पाहिलं. तिनं त्याचं पान आपल्याकडे ओढून घेतलं. तो सरकला.

"अहो, लोक बघतात," विशालाक्षीबाई कुजबुजल्या.

"बघू देत की," राव त्याच्या पानावर सांबार वाढत म्हणाले. "लग्नाला हेच येणार ना?"