जावईबापूंचा खांदा

"हळू रे, हळू! लाकूड झोपलंय असं समज आणि पाठीवरून हात फिरव. जागं होता कामा नये!"

मामांच्या वडिलांचा हा आवाज केव्हाच विरून गेला होता; पण खुर्चीची पाठ घासायला घेतली की मामांच्या कानात तो अजून गुणगुणायचा. त्या तालावर त्यांचा हात असा काही फिरे, की आडमुठ्या फळीवरसुद्धा साय धरावी!

त्यामुळे घासकामाला यंत्राचा हात येणार, असं मामींनी जाहीर केलं, तेव्हा मामा छाती पुढे काढून म्हणाले, "येऊ दे की! मी शिकवलं तर छताचा पंखासुद्धा खुर्ची घासेल!"

खुर्च्यांचा तो छोटा कारखाना चालवायच्या मामी, आणि खुर्च्या गुळगुळीत करायचे मामा. घरात नवराबायको, पण कारखान्यात साऱ्यांचे मामा-मामी. आता मामांचं एक गुपित होतं, ते तेवढं आपल्यातच ठेवा. त्यांच्या उजव्या खांद्यात कळ यायची. अशी यायची, की जणू आत कुणी स्क्रू पिळतंय आणि तोही उलट्या आट्यांचा! पण मामींना कळलं तर? हातातला पॉलिशपेपर जाणार आणि मामांची रवानगी काचेच्या केबिनमध्ये, फोनपाशी होणार! फोनवर 'हॅलो' म्हटल्यानंतर पुढे काय बोलतात, हे कोडं मामांना जन्मभर सुटलं नव्हतं. म्हणून ते दार लोटून घ्यायचे, एकटे असताना खांदा मोकळा करायचे, आणि दार उघडलं की पुन्हा पहिलवान.

यंत्र आलं. एकच लांब, पांढरा, डौलदार हात. त्याला कुणाचा जरासा धक्का लागला की तो जागच्या जागी थांबायचा आणि समजूत काढल्यासारखं बटण दाबेपर्यंत हलायचा नाही. कारखान्यातला रंगारी म्हणाला, "हा तर जावई! शब्द लागला की रुसला!" झालं. त्या घटकेपासून ते जावईबापू.

"शिकवायचं अगदी सोपं आहे," मशीनवाला जाताना सांगून गेला. "त्याचा हात धरा आणि एक खुर्ची घासून दाखवा. तुम्ही करता अगदी तस्सं करा. तो लक्षात ठेवतो."

चारचौघांत बटणं चुकायला नकोत, म्हणून मामांनी जेवणाच्या सुट्टीत दार लोटून घेतलं आणि जावईबापूंचा हात हातात घेऊन एक खुर्ची मनापासून घासली. अगदी तस्सं! एकटे असताना करायचे, तस्सं!

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्या बाई यायच्या होत्या. त्यांच्या नव्या हॉटेलातल्या सगळ्या खुर्च्या याच कारखान्यातून जाणार की नाही, ते काम पाहून ठरणार होतं. मामींनी साडीवरचा भुसा झटकला आणि मामांनी मिशीवरचा.

बाई आल्या. मामांनी हिरवं बटण दाबलं आणि हात मागे बांधून उभे राहिले, जणू पोराचा गाण्याचा कार्यक्रम आहे.

जावईबापू निघाले! पाठीवरून खाली, वळणावरून आत, वाऱ्याने शेत वाकावं तसा हात लवला. बाई म्हणाल्या, "वा!"

आणि जावईबापू थांबले.

हात लोंबला. मग कोपर हळूहळू वर गेलं आणि हवेत एक मोठं, कण्हत कण्हत काढल्यासारखं वर्तुळ फिरलं. मग उलटं वर्तुळ. मग पुन्हा घासकाम सुरू!

"हे काय?" बाईंनी विचारलं.

मामा घाईघाईने पुढे झाले. "ते... भुसा झटकतो तो! फार टापटीप आहे."

"भुसा खाली आहे. हा वर झटकतोय!"

"वरचा भुसा आधी," मामा ठासून म्हणाले.

रंगारी पुटपुटला, "जावईबापू आळस देतायत."

"तू गप रे! तुझा रंगाचा डबा उघडा पडलाय, वाळेल तो!" मामा खेकसले.

मामी मात्र त्या कोपराकडे बघत होत्या.

तेवढ्यात जावईबापूंनी दुसऱ्यांदा दम घेतला. या खेपेला मात्र हात बाजूला वळला. तिथे एक खांब होता, आणि कळ फारच वाढली की मामा त्याला खांदा टेकून उभे राहायचे. यंत्राला खांब ठाऊक होता. आज खांबाच्या पुढ्यात कोण उभं आहे, ते मात्र ठाऊक नव्हतं!

पांढरं कोपर अलगद, अगदी जिवाभावाच्या मैत्रिणीसारखं, हॉटेलवाल्या बाईंच्या खांद्यावर विसावलं. स्पर्श झाला. जावईबापू रुसले. जागच्या जागी थिजले!

"हलू का मी?" बाई ओठ न हलवता म्हणाल्या.

"नका!" मामा ओरडले.

"हला!" रंगारी ओरडला.

मामींनी शांतपणे मशीनवाल्याला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे, मामी. ते स्वतःच्या मनाने एक बोट हलवत नाही. दाखवलं तेच करतं. शिकवलं कोणी?"

रंगाऱ्याचा ब्रश मामांच्या दिशेने वळला.

"मीच," मामा म्हणाले. "पण ते वर्तुळ त्याने कुठून उचललं, देव जाणे! हल्ली मशीनसुद्धा संगतीने बिघडतात..."

मामींनी फोन ठेवला. बटण दाबून बाईंच्या खांद्यावरचा हात हलकेच उचलला. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला, खुर्चीच्या पाठीवर तळवा फिरवला आणि पुन्हा फिरवला. "खुर्च्या मला अशाच हव्यात," त्या म्हणाल्या. "फक्त मला पुन्हा मिठी नको!"

ऑर्डर मिळाली! रंगाऱ्याने ब्रश हवेत उडवला. मामांनी कपाळ पुसलं. निभावलं म्हणायचं!

पण मामी जावईबापूंपासून अजून हलल्या नव्हत्या. त्यांनी पुन्हा हिरवं बटण दाबलं. थोडं घासून कोपर उचललं गेलं, वर्तुळ निघालं, आणि अर्ध्यावर, जिथे कळ सर्वांत जास्त लागते नेमकं तिथेच, जरा अडखळून पुढे गेलं. मामी त्या कोपराकडे बघत राहिल्या. मामांकडे त्यांनी मान वळवलीसुद्धा नाही. यंत्राच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्यालाच विचारलं,

"का हो, केव्हापासून दुखतंय एवढं?"

पेपर जाणार, केबिन येणार, फोन वाजणार. सगळं मामांच्या डोळ्यांपुढून सरकलं. पण मामींचा आवाज इतका मऊ होता, की त्यापुढे मामांनी घासलेली कुठलीही खुर्ची खरखरीत वाटली असती.

"हिवाळ्यापासून," मामा खाली बघत म्हणाले. "उजवा. त्या कुशीवर झोपवत नाही गं."

आणि जरा थांबून, अगदी बारीक आवाजात म्हणाले,

"डावासुद्धा... थोडा."