गुलाबभाऊंचा गळा

गुलाबभाऊंनी स्वतःच्या घरात मीठ मागितलं, की आमची आई वाटीत मीठ घेऊन निघायची. मधे दोन घरं आणि एक गोठा होता, तरी तिला वाटायचं आपल्यालाच मागितलं.

डोणगावात असा गळा दुसरा नव्हता. भाऊ शिंकले की गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहत. एकदा भर बाजारात त्यांनी मला बाजूला ओढलं. "कोणाले सांगू नको बे, पण पाटलाच्या पोरीचं लगन उंद्रीत जमून राह्यलं!"

पलीकडचा भाजीवाला म्हणाला, "नाही सांगत, भाऊ."

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्या सुमारास हा गळा बसला. "बिड्या कमी करतो," म्हणत भाऊंनी दिवाळी काढली. शेवटी मेहकरच्या डॉक्टरांनी आरसा घालून घसा पाहिला आणि मुंबईला धाडलं. सोबत मी. कॅन्सर निघाला. तिथले डॉक्टर म्हणाले, "विजेचे शेक देऊ. गाठ लहान आहे, जीव वाचेल. आवाजाचं सांगता येत नाही."

"आवाज नाही तं घरी कसं होईन?" भाऊ म्हणाले.

जीव वाचतोय आणि हा माणूस आवाजाचं घेऊन बसलाय! मला हसूच आलं.

वॉर्डात नर्सबाई दटावायच्या, "हळू बोला."

"हळूच तं बोलून राह्यलो!" बसक्या गळ्यानंही भाऊ असे म्हणाले, की शेजारच्या खाटेवरचा झोपलेला पेशंट "हो, हो" करत उठून बसला.

शेक संपले. भाऊ वाचले, पण आवाज कुजबुजीएवढाच उरला.

भाऊंच्या घरी पोचलो तेव्हा त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, चुलीपुढे पाठमोऱ्या बसल्या होत्या. "आलो वं," भाऊ म्हणाले. काकू हलल्या नाहीत. मी मोठ्यानं हाक मारली. भाकरी थापणं चालूच.

"तिले माह्या त्या गळ्याबिगर काही ऐकू येत नाही," भाऊ पुटपुटले. "लग्नातच समजलं होतं मले. लोकं बहिरी म्हनतीन, म्हनून मी सगळ्यांशीच मोठ्यानं..."

गाव काकूंना शिष्ट समजत होतं. बहिऱ्या आहेत, हे भाऊंनी कुणाला कळूच दिलं नव्हतं.

भाऊ चुलीपाशी जाऊन बसले आणि त्यांनी काकूंच्या कानाशी तोंड नेलं.

"अवो, लोकं पाहून राह्यले!" काकू पदर सावरत ओरडल्या.

भाऊ हटले नाहीत. कानात सांगतच राहिले. तव्यावरची भाकरी करपली, तरी काकू मान हलवून "हाव... हाव" म्हणत होत्या. काय सांगत होते, मला काही ऐकू आलं नाही.