उताराला न्यूट्रल

भामाबाईंनी शिव्या देणं बंद केलं, त्याला आता वर्ष होत आलं होतं आणि कामथडीतलं त्यांचं घर पार भेदरून गेलं होतं. पूर्वी त्यांचा दिवस "उठा रं मुडद्यांनो"नं उजाडायचा. शेळी मुडदी, गॅसचा सिलिंडर मुडदा, आणि गेलेली वीज तर कायमचीच मुडदी. आता त्या थोरल्या ज्ञानूला "बाळा, च्या घेतोस का?" असं मऊ आवाजात विचारायच्या. नसरापुरात पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या, चाळिशीला टेकलेल्या माणसाला आई एकाएकी बाळा म्हणू लागली की त्याच्या घशाखाली चहा उतरत नाही.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटा बुद्धभूषण रॅप करायचा. गेल्या वर्षी पालीला, राजगड चढायला आलेल्या पोरांपुढं गाणी म्हणायला निघाला, तेव्हा भामाबाई दारातून ओरडल्या होत्या, "जा मुडद्या, परत तोंड दावू नगंस." अगदी रोजच्यासारखं. संध्याकाळी त्याला साप चावला. वाडीत गाडी नव्हती. दोघांच्या मधे मोटारसायकलवर बसवून आणताना तो वाटेतच गेला. भामाबाईंनी आपल्या जिभेला दोषी धरलं आणि जिभेबरोबर त्याच्या गाण्यांनाही. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दिवसांच्या, कार्यक्रमानंतर त्या घराबाहेर पडल्या नाहीत.

बुद्धभूषणचा एकच अल्बम होता, 'उताराला न्यूट्रल'. भिंतींना गोधड्या लावलेल्या खोलीत रेकॉर्ड केलेली पाच गाणी. तो जिवंत असताना ज्ञानू त्याला बडबड म्हणायचा. आता त्याला तो तोंडपाठ होता. त्याच्या मते पहिलं, खड्ड्यांचं गाणं जरा लांबलेलं होतं. दुसरं एसटीच्या वाटेकडं डोळे लावून बसलेल्या म्हातारीचं, ते बरं. तिसऱ्यात पुढाऱ्यांना अशा शिव्या होत्या की ते दार लावून ऐकावं लागे. चौथं, डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणाऱ्या टेम्पोवाल्याचं, सगळ्यात भारी. आणि पाचवं? पाचवं ज्ञानू एकदाही पूर्ण ऐकू शकला नव्हता. बुद्धभूषणनं एकदा गुपचूप फोन चालू ठेवून आईचं सकाळचं ओरडणं टिपलं होतं आणि त्यावरच गाणं रचलं होतं. ते त्यानं कुठं टाकलं नव्हतं, त्याच्या जुन्या फोनमध्येच होतं. तो फोन ज्ञानू वापरायचा आणि त्यातली एकही गोष्ट बदलायचा नाही.

म्हणून तरुण मंडळानं वरच्या वाड्यांसाठी रुग्णवाहिका घ्यायला बुद्धभूषणच्या नावानं शर्यत ठेवली, तेव्हा ज्ञानूनं पळायचं ठरवलं. पालीहून निघायचं आणि मुख्य फाट्यावरच्या मांडवात संपवायचं. भामाबाईंनी बक्षीस द्यायला यावं म्हणून त्यानं त्यांच्या किती विनवण्या केल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "यीन. पण त्याची गाणी वाजली, तर म्या उठून घरी जाईन. मंग मला पुन्हा बाहेर काढू नगा बाळा." आई आता बाहेर पडली नाही, तर कायमचीच घरात बसेल, हे ज्ञानूला कळत होतं. मंडळाचा अध्यक्ष सावळाराम यानं शब्द दिला, "देशभक्तीची गाणी लावू. बाकी काय न्हाई."

ज्ञानूनं मात्र कानात अल्बम लावून पळायचं योजलं होतं. त्याला तेवढाच धीर. फोन पडू नये म्हणून त्याची बायको माया हिनं टी-शर्टला आतून खिसा लावला, अल्बम लावून फोन त्यात घातला आणि खिशाचं तोंड दुहेरी टाक्यानं शिवून टाकलं. वायरीपुरतं भोक ठेवलं; गाणी वायरीवरच्या बटणानं सुरू करायची.

"काढायचा कसा?" ज्ञानूनं विचारलं.

"पळून झाल्यावर उसवीन की. मधीच काढून बघत बसायची तुमची सवय मला म्हाईत हाय."

टी-शर्टवर बुद्धभूषणचा हसरा फोटो होता. ज्ञानूच्या पोटावर तो ताणून इतका रुंद झाला होता की गेलेला माणूस वर्षभरात चांगलाच सुटला असं वाटत होतं.

पालीची कमान मागं पडायच्या आतच ज्ञानू शेवटच्या नंबरावर गेला. त्याच्या मागं चिमाजीचा टेम्पो, थकलेल्यांना उचलून न्यायला. चिमाजी साउंडवाला होता. टेम्पोत मागं दोन कर्णे आणि उंचच उंच स्पीकर, लग्नापासून जयंतीपर्यंत सगळीकडं तोच. बुद्धभूषणचे कार्यक्रमही त्याच टेम्पोवरून व्हायचे. दोन गाणी सुखात गेली. मग वाटेवर राहणाऱ्या बनाबाईचं पाण्याचं टेबल आलं.

बनाबाईनं ज्ञानूचा जांभळा चेहरा पाहिला आणि अख्खी कळशी त्याच्या डोक्यावर ओतली. "कानातलं काड रं, पानी जाईल!" असं म्हणत तिनं वायर अशी ओढली की ती फोनमधून निघून तिच्याच हातात आली.

पुढं जे झालं त्यात कुणाचीच चूक नव्हती. फोननं ब्लूटूथवरून आपलं जुनं बिऱ्हाड ओळखलं. टेम्पोतली देशभक्ती मधेच थांबली, 'कनेक्टेड' असं एक बाई गोड आवाजात म्हणाली आणि बुद्धभूषण साऱ्या खोऱ्याला ऐकू जाईल असा गरजला. तिसरं गाणं. पुढाऱ्यांचं.

बनाबाईच्या हातून कळशी पडली. वर्षापूर्वी त्याला मोटारसायकलवरून नेताना तिनंच शेवटचं पाणी पाजलं होतं.

"चिमाजी, बंद कर!" ज्ञानू बोंबलला.

"हात पोचत न्हाई!" चिमाजी केबिनमधून ओरडला. "मशीन मागं ताडपत्रीखाली हाय!"

"मंग गाडी थांबव!"

"मागं एसटी हाय!"

खरंच होती. एसटीतली माणसं खिडकीतून माना काढून शिव्या मन लावून ऐकत होती. ज्ञानूनं विचार केला, टेम्पोपासून लांब गेलं की आवाज तुटेल. तो जिवाच्या आकांतानं पळाला. आवाज तुटला. चार पावलांत त्याचाही दम तुटला, टेम्पो जवळ आला आणि एका पुढाऱ्याच्या मामाचा उद्धार जिथं थांबला होता तिथूनच पुढं सुरू झाला. टेम्पोचा आवाज जवळ आलेला ऐकून पुढचे थकलेले धावपटू घाबरले. टेम्पोत भरून मांडवात उतरायचं म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही. तेही पळू लागले. त्यांना बघून त्यांच्या पुढचे. शर्यतीची सगळी शेपटी मेलेल्या माणसाच्या भीतीनं धावत सुटली.

समोरून सावळाराम मोटारसायकलवर आला. "अरं, मांडवात पाव्हणं आलेलं सायेब बसल्यात! हितलं सगळं तिथं ऐकू येतंय!"

"आईला?"

"आजून तिला उमगलं न्हाई. कोन शिव्या देतंय, इचारत व्हती. फोन दे हिकडं!"

"शिवलाय!"

सावळारामनं टी-शर्टच काढायला घेतला. ओला शर्ट ज्ञानूच्या गळ्यापर्यंत आला आणि तिथं अडकला. आतून ज्ञानू गुदमरत होता, बाहेर बुद्धभूषण उलटा होऊन हसत होता, आणि एसटीचा कंडक्टर खाली उतरून "जयभीम, कायतरी मदत करू का?" असं विचारत होता. शर्ट परत खाली ओढावा लागला. तोवर तिसरं गाणं संपून चौथं लागलं होतं.

ज्ञानू मटकन रस्त्याच्या कडेला बसला. यानंतर पाचवं.

"टेम्पो पुढं जाऊ दे," तो म्हणाला. "म्या हितंच बसतो."

"मागचा टेम्पो पुढं गेला म्हंजी तू बाद. ज्याच्या नावानं शर्यत, त्याचाच भाऊ बाद?" सावळारामचा चेहरा पडला. "आन आई तिथं तुजीच वाट बघतीय. तू दिसंना म्हून दोनदा उठून उभी ऱ्हायली."

वर्षभर जी दाराबाहेर आली नव्हती, ती एका मुलाची वाट बघत रस्त्याकडं तोंड करून उभी होती. त्याच रस्त्याकडं. ज्ञानू उठला आणि पळाला. पाचवं लागायच्या आत मांडव गाठायचा, मायाकडून टाका तोडून घ्यायचा. तो पळताना रडत होता. घामात ते कुणाला कळलं नाही.

शेवटचा उतार लागला. खाली मांडव दिसला. चौथं गाणं संपलं आणि क्षणभर सगळं शांत झालं. चिमाजीनं इंजिन बंद केलं होतं. टेम्पो आवाज न करता ज्ञानूच्या पाठीपाठी खाली येत होता, आणि दोघंही तसेच मांडवात शिरले.

"ऊठ मुडद्या!" दोन्ही कर्ण्यांतून भामाबाईंचा आवाज आला. "ऊन डोक्यावर आलं, आजून लोळतोय. शेळीला पानी कोन तुजा बाप दावनार?"

आणि लगेच झोपाळलेला, लाडिक आवाज, "उठतो गं आई. पाचच मिन्टं."

साहेबांनी टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. खुर्चीजवळ उभ्या असलेल्या भामाबाईंनी मान कर्ण्यांकडं वळवली. माया ओठांवर पदर धरून धावली. तिनं दातानं टाका तोडला, ज्ञानूनं फोन ओढून काढला आणि बंद केला.  ज्ञानूला वाटलं, आता आई सरळ घरी जाणार आणि मग कधीच बाहेर येणार नाही.

"का बंद केलं?" भामाबाईंनी विचारलं.

"आई, चुकलं. पुढं शिव्या हायत गं."

"कुनाच्या?"

ज्ञानू खाली बघत म्हणाला, "तुज्याच."

"आन त्यो काय म्हनतोय त्यावर? उठला का न्हाई शेवटी?"

"मला ठावं न्हाई. म्या कधी पुरतं ऐकलं न्हाई."

"मंग लाव."

ज्ञानूनं बटण दाबलं. फोन क्षणभर उजळला आणि मिटला. बॅटरी संपली होती. त्यानं फोन झटकला, पुसला, पुन्हा दाबला. काही नाही. शेवटी त्यानं भीतभीत वर आईकडं बघितलं. टेम्पोच्या केबिनमध्ये चिमाजी स्टिअरिंगवर डोकं टेकवून हुंदके देत होता. स्पीकर बंद करायचं बटण त्याच्या गुडघ्याजवळ लाल चमकत होतं.

"बघतोस काय माज्या तोंडाकडं?" भामाबाईंचा आवाज चढला. तो साहेबांना ऐकू गेला, एसटीला ऐकू गेला. "माजं पोरगं तिकडं पाच मिन्टं मागून बसलंय! जा, चार्जर आन कुठनं तरी! पळ मुडद्या!"

ज्ञानूच्या पायांत गोळे आले होते, छाती फुटायला आली होती, शर्टाची एक बाजू फाटून लोंबत होती. तो फाट्यावरच्या मोबाईलच्या दुकानाकडं पळत सुटला. पालीपासून मांडवापर्यंत तो असा एकदाही पळाला नव्हता.