आदरणीय श्वास रोखणारे

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला टेलरमास्तरांनी मोबाईलवरचं हिरवं बटण दाबलं आणि गावातल्या नऊ प्रतिष्ठित गृहस्थांच्या खिशात एकाच वेळी 'टुंग' वाजलं. मास्तर खूश झाले. नऊ जणांना फोन करायचे म्हणजे नऊदा 'हॅलो, ऐकू येतंय का' आलं, नऊ तब्येतींची चौकशी आली, अर्धा दिवस त्यातच गेला असता. इथे एका बोटात काम फत्ते!

"बघ," ते बायकोला म्हणाले, "माणसानं काळाबरोबर चाललं पाहिजे."

त्यांच्या बायकोला सगळा गाव काकू म्हणायचा. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं, तिथे काकू खिडकीशी बसून काजं करत होत्या. महिन्यापूर्वी हेच मास्तर याच ॲपला 'भिकारडी थेरं' म्हणाले होते, हे त्यांच्या चांगलं लक्षात होतं. पण त्यांनी फक्त दोरा दातानं तोडला.

ॲप घरात आलं ते तेलामुळे. मास्तरांची मापांची वही तीस वर्षांची. एके दिवशी शिवणयंत्राच्या तेलाची बुधली तिच्यावर आडवी झाली आणि 'छाती', 'कंबर', 'बाही' सगळं एकमेकांत विरघळलं. बुधली मास्तरांच्याच कोपरानं पडली होती, पण त्यांच्या मते दोष बुधलीचा होता, तिचं बूड अरुंद होतं. मग कचेरीत संगणकावर काम करणाऱ्या त्यांच्या लेकीनं मोबाईलवर नोंदींचं ॲप घालून दिलं. लिहायची भानगडच नाही. एका गिऱ्हाईकाचं एक पान, पानावर चार रकाने: नाव, फोन, माप आणि विशेष सूचना. आपण बोलायचं, ते लिहून घेणार. कपडा झाला की 'तयार' म्हणून हिरवं बटण दाबायचं, ज्यांचे झाले त्या सगळ्यांना निरोप एकदम, आपोआप जाणार.

लेक बिचारी शहाणी. पण शिंप्याची वही तिनं कधी उघडून वाचली नव्हती, तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली.

मास्तरांनी जन्मात गिऱ्हाईकाचं खरं नाव वहीत लिहिलं नव्हतं. त्यांच्या गुरूंची शिकवणच तशी होती. नाव एक असलेली दहा माणसं निघतात, पण टेप अंगाला लागल्यावर माणूस जे करतो ते त्याचं एकट्याचं असतं. ते लिहावं, म्हणजे तीस वर्षांनीही माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. तेव्हा तेल प्यायलेली पानं उजेडात धरून, जे दिसलं ते वाचत आणि जे नाही दिसलं ते आठवत, मास्तरांनी नावाच्या रकान्यात नाव सांगितलं ते असं, आणि सूचनेच्या रकान्यात सूचना सांगितल्या त्याही अशाच.

दुपारी लेक अर्ध्या दिवसाची कचेरी करून घरी आली. तिनं हौसेनं बाबांचा मोबाईल उघडला आणि पायातली चप्पल काढायची विसरली.

"बाबा, हे काय आहे?"

"काय म्हणजे? निरोप. तूच शिकवलंस."

लेकीनं मोठ्यानं वाचलं. "'आदरणीय श्वास रोखणारे, आपला कोट-पँट तयार आहे. आज पाच वाजता अंगावर घालून बघण्यास यावे. विशेष सूचना: टेप लावला की श्वास रोखतात. कमरेत दोन इंच गुपचूप वाढवणे, तोंडातून ब्र काढू नये. आपला नम्र, टेलरमास्तर.'"

काकूंनी शिवणयंत्राचं फिरतं चाक हातानं थांबवलं.

"सूचनासुद्धा गेली?" मास्तरांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला.

"मी तो रकाना 'येताना पिशवी आणा' वगैरेसाठी ठेवला होता! आणि हे कुणाचं?"

"वकीलसाहेबांचं."

"देवा! आणि हे? 'आदरणीय उगाच उसवायला लावणारे. विशेष सूचना: कपडा परत आणतात. काहीही करू नये. थोडा वेळ खुंटीला टांगून तोच परत द्यावा. आता कसं झक्क बसलं म्हणतात.'"

"दातांचे डॉक्टर."

"'आदरणीय टाचा उचलणारे...'"

"हेडसर," मास्तर म्हणाले आणि मटकन कापडाच्या ठाणावर बसले. "मेलो मी."

आता ही नऊ माणसं साधीसुधी नव्हती. गावातलं गायनमंडळ ते. रविवारी सभागृहात त्यांचा कार्यक्रम होता आणि नऊच्या नऊ जण एकाच निळ्या कापडात उभे राहणार होते. आज पाच वाजता ते आले नाहीत तर कोट अंगावर बघायचे राहिले, आणि उद्या मंचावर कुणाची बाही कोपरावर, कुणाची बोटांवर. पण ते तरी परवडलं असतं. मास्तरांना खरी भीती वेगळीच होती. ही नऊ माणसं म्हणजे दुकानाचे नऊ खांब होते, त्यांच्याकडे बघून बाकीचा गाव मास्तरांकडे कपडे टाकायचा. रस्त्याच्या पलीकडे तयार कपड्यांचं काचेचं दुकान तोंड उघडून बसलंच होतं. तिथे कुणी टेप लावत नाही आणि कुणाचं गुपित कुणाला कळत नाही.

"तुझ्या यंत्रानं घात केला," मास्तर लेकीला म्हणाले.

"माझ्या?"

"मग काय माझ्या? मी फक्त खरं ते बोललो."

"परत घेता येतो का गं निरोप?" काकूंनी विचारलं.

"नाही आई. नऊही जणांनी वाचलाय. ही बघ खूण."

पुढचे तीन तास मास्तरांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. त्यांनी एका बाहीला दोनदा अस्तर लावलं. जेवले नाहीत. फोन वाजला की दचकायचे, नाही वाजला की जास्त दचकायचे. एकदा तर दाराला आतून कडी लावायला गेले, तेव्हा काकू म्हणाल्या, "कडी लावून कुठं जाणार आहात? माणसं घर ओळखतात आपलं."

पावणेपाचला दारात वकीलसाहेब उभे राहिले. त्यांनी आत येऊन दार हळूच लोटलं, लेकीकडे आणि काकूंकडे बघितलं आणि मास्तरांचा दंड धरून त्यांना कपाटाच्या आडोशाला नेलं. मास्तरांनी मनात हात जोडले.

"मास्तर," वकीलसाहेब कुजबुजले, "तुमच्या मोबाईलमध्ये घोळ झालाय. डॉक्टरांचा निरोप माझ्याकडे आलाय."

मास्तरांनी आ वासला.

"मी कुणाला दाखवला नाही हो. आपल्याला काय करायचंय? पण डॉक्टर श्वास रोखतात, हे मला केव्हाचं ठाऊक होतं. फोटो काढताना बघा त्यांना, तोंड कसं लाल होतं! बिचारे. वय झालं की पोट सुटायचंच, त्यात लपवायचं काय? माझ्यासारखं सांभाळायला सगळ्यांनाच थोडं जमतंय?"

"तेच तर," मास्तर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात दार वाजलं. डॉक्टर आले. वकीलसाहेबांकडे बघून ते ओळखीचं हसले आणि त्यांनी मास्तरांना दाराबाहेर पायरीवर बोलावलं.

"हेडसरांचं पत्र माझ्या पत्त्यावर टाकलंत तुम्ही," ते खुदखुदत म्हणाले. "उगाच उसवायला लावतात म्हणे! अहो, वह्या तपासून तपासून सवयच लागलीये त्यांना, धड असलेल्यातही लाल रेघ मारायची. पण मास्तर, तुम्ही कमाल करता हं! काहीही करायचं नाही आणि तोच कपडा परत द्यायचा? आणि त्यांना कळत नाही? मला असं कुणी केलं असतं तर एका नजरेत पकडलं असतं."

"तुमची नजर तेज आहेच," मास्तर म्हणाले. त्यांना घाम फुटला होता, पण आता तो निराळ्या कारणानं.

मग हेडसर आले. त्यांनी निरोप कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून आणला होता. हा औषधवाल्यांचा, असं त्यांचं म्हणणं. "उंचीचं दुःख आहे त्यांना. दुकानात फळीवर उभे राहून औषधं देतात, तुम्ही बघितलं नसेल. त्यांना कळू देऊ नका, मनाला लागेल." हे सांगताना हेडसर स्वतः चवड्यांवर उभे होते. औषधवाले आले ते तिसऱ्याच कुणाचा निरोप घेऊन. सव्वापाचपर्यंत नऊच्या नऊ माणसं दुकानात जमली आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तोच दयाळू भाव होता, आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसाचा असतो तसा.

"काय झालं हो बाबांना?" लेकीनं आईच्या कानात विचारलं. "हसतायत का रडतायत?"

"दोन्ही," काकू म्हणाल्या.

कोट घालून बघणं सुरू झालं. पहिले डॉक्टर. त्यांनी कोट चढवला आणि आरशापुढे उभे राहिले, तोच वकीलसाहेब मायेनं पुढे झाले.

"डॉक्टर, मोकळा श्वास घ्या. इथे सगळे आपलेच आहेत."

"मोकळाच घेतोय की!"

"हो हो, तसंच म्हणायचं. पण सोडला तरी चालेल. कुणी काही म्हणणार नाही."

डॉक्टर गर्रकन वळले. "काय चालेल? वकीलसाहेब, तुम्ही सरळ बोला. माझ्याबद्दल कुणी तुम्हाला काही सांगितलंय का?"

"मी कशाला नाव घेऊ? लेखी पुरावा आहे माझ्याकडे," वकीलसाहेब म्हणाले आणि त्यांचा हात मोबाईलच्या खिशाकडे गेला. हेडसरांचा हात कागदाकडे गेला. औषधवाल्यांनी तर चष्माही लावला. आता नऊ मोबाईल एकाशेजारी एक उघडले की संपलंच. एकानं आपला निरोप दुसऱ्याच्या हातात दिला असता तर तिसऱ्यानं बरोबर सांगितलं असतं, अहो, हा तर तुमचाच! स्वतःखेरीज बाकी आठ जणांना प्रत्येकजण पुरता ओळखून होता.

मास्तरांना काही सुचेना. तोंडात टाचण्या धरून ते डॉक्टरांच्या पाठीशी उभे होते. त्यांनी एक टाचणी काढली, देवाचं नाव घेतलं आणि टोचली.

"आई गं!"

"लागली का? टाचण्याच वाईट आल्यात हल्ली," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "काढा काढा, कोट काढा, रक्ताचा डाग पडेल. वकीलसाहेब, तुम्ही या पुढे. उजेड आहे तोवर बघून घेऊ."

आरसा दिसल्यावर वकीलसाहेब पुरावा विसरले. त्यांनी पँट चढवली, श्वास आत घेतला, तिथेच धरला आणि बटण लावलं. बटण लोण्यात सुरी जावी तसं लागलं.

"बघा!" ते कोंडलेल्या आवाजात म्हणाले. "चौतीस. लग्नात चौतीस होती, आजही चौतीस. याला म्हणतात काया!"

"वा!" मास्तर म्हणाले. कमर छत्तीस होती.

हेडसरांनी टाचा उचलून लांबी बघितली, 'आखूड' म्हणाले, मग दमून खाली उतरले आणि 'आता नेमकी' म्हणाले. तोवर डॉक्टरांच्या पाठीची आग थांबली होती. त्यांनी कोट पुन्हा घातला आणि कपाळाला आठी घातली.

"मास्तर, डाव्या काखेत जरा धरतोय. उसवून घ्या."

लेकीला पदर असता तर तिनं तो तोंडात कोंबला असता. नव्हता म्हणून ती आतल्या खोलीत पळाली. मास्तरांनी कोट गंभीरपणे घेतला, पडद्यामागे नेला आणि खुंटीला टांगला. नऊ जणांचा चहा होईस्तोवर तो तिथेच लोंबकळत होता. ज्या डॉक्टरांच्या खिशात ही सगळी युक्ती अक्षर न् अक्षर लिहिलेली होती, त्यांनी कोट घातला, दोन्ही हात वर केले, खाली केले.

"आता कसं झक्क बसलं!" ते म्हणाले.

जाताना नऊही जणांनी मास्तरांना एकेकट्यानं बाजूला घेऊन वचन दिलं, की त्या बिचाऱ्याला आम्ही काही कळू देणार नाही. वकीलसाहेबांनी तर पुढचे दोन कोटही मास्तरांकडेच शिवायचे ठरवले. "तुमच्यासारखा झाकून घेणारा माणूस मिळणार नाही," ते म्हणाले.

दार लागलं आणि मास्तर जे हसत सुटले ते ठाणावर आडवे होईपर्यंत हसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "काय एकेक माणसं!" ते म्हणत होते. "लिहून हातात दिलं तरी पटत नाही! अगं, एकालासुद्धा? एकालासुद्धा स्वतःची ओळख पटू नये?"

"नाही ना," काकू म्हणाल्या. कार्यक्रमाला मास्तरांनी घालावा म्हणून त्या त्यांचा नवा शर्ट शिवत होत्या. शेवटचं बटण टाचून त्यांनी तो घडी करून ठेवला. मग लेकीला म्हणाल्या, "दे बघू तुझा मोबाईल. ते ॲप तुझ्याकडेही आहे, बोललं की लिहितं म्हणतेस ना? मलाही बघू दे जमतंय का." आणि मोबाईल घेऊन त्या आत गेल्या.

थोड्या वेळानं मास्तरांच्या खिशात 'टुंग' वाजलं. डोळे पुसत त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं.

"'आदरणीय चूक नेहमी दुसऱ्याची, आपला शर्ट तयार आहे. विशेष सूचना: काही बिघडलं की आधी सुईला बोलतात, मग यंत्राला, मग घरच्यांना. ऐकून घ्यावं. उत्तर देऊ नये. राग पंधरा मिनिटांत उतरतो.'"

लेक श्वास रोखून बापाकडे बघत होती. मास्तरांनी निरोप पुन्हा एकदा मनात वाचला. डोकं खाजवलं.

"बघ तुझं यंत्र!" ते म्हणाले. "आणखी एकाचा निरोप माझ्याकडे आला. हा वकीलसाहेबांचाच असणार. चूक कबूल करणं त्यांच्या धंद्यातच बसत नाही." मग त्यांना एकदम वाईट वाटलं. "पण त्यांच्या बायकोचं कसं होत असेल गं? आयुष्यभर कसं सोसलं असेल त्या माउलीनं?"

काकू दारात येऊन उभ्या होत्या.

"सोसते," त्या म्हणाल्या, "चला, दुपारपासून उपाशी आहात. पानं घेतलीत."