बाबालाल मास्तर आणि पायताणांची रांग

बाबालाल मास्तर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, पायांकडे आधी. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत पायताणं दाराबाहेर काढावी लागत. मास्तर ती स्वतः रांगेत लावत आणि कोणतं कोणाचं ते ध्यानात ठेवत. मग आत शिरणाऱ्याला अडवत. "पावणं, हुबं ऱ्हावा. खिसं दावा."

काड्यापेटी आणि विडी घेतल्याशिवाय माणूस घराबाहेर पडतो, यावर त्यांचा विश्वासच नव्हता. एकदा संस्कृतच्या शास्त्रीबोवांच्या कनवटीला डबी निघाली.

"अहो, तपकीर आहे ती!"

"तपकीर हाय, तर शिंकून दावा."

बोवांनी चिमूट ओढली, शिंकले.

"आनी एकदा," मास्तर म्हणाले.

मास्तर तिथले ग्रंथपाल, मी त्यांचा मदतनीस. महाराजांच्या राज्यात गावोगावची पोरं शिकायला कोल्हापुरात येऊ लागली होती. बोर्डिंगं भरली, तशी लायब्ररीही भरली. सुकं लाकूड, त्याहून सुका कागद, रॉकेलचे दिवे आणि दार एकच. मास्तरांना झोप येत नसे, यात नवल नव्हतं.

एखाद्या दुपारी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, ते लोखंडी पट्टीवर हातोडा हाणत. "पुस्तक ठेवा, पाय उचला!" सगळ्यांनी अनवाणी अंगणात पळायचं. पायताणाला हात लावायचा नाही, दारात गर्दी होते. अंगणातली फरशी तव्यासारखी तापलेली असे. पोरं नाचत. मास्तर सर्वांच्या शेवटी पायताणांची पाटी घेऊन येत आणि ज्याचा जोड त्याला देत. जोड उरला, तर माणूस आत राहिला, असा त्यांचा नेम.

त्यांचा स्वतःचा जोड मात्र रांगेत कधीच नसे. तो अंगणातल्या हौदामागे, कोनाड्यात, पोत्याखाली. आमच्यावर चोरीचा संशय, दुसरं काय, असं आम्ही धरून चाललो होतो.

"मास्तर, तुमचं फाटकं पायताण चोरून मी काय करू? म्हशीला घालू?" शिवाजी पेठेतला दत्तोबा एकदा म्हणाला. तो विद्यार्थी कमी आणि तालमीतला जास्त.

"तुझा काय भरवसा?" मास्तर म्हणाले.

त्या उन्हाळ्यात मागच्या पडवीत जुन्या पुस्तकांची बांधणी चालली होती. खळ शिजवायला शेगडी मास्तरांनीच मांडायला सांगितली. साऱ्या गावावर संशय घेणाऱ्या माणसाने तिच्यावर तेवढा घेतला नाही. वारा सुटला आणि ठिणगी रद्दीत गेली.

पट्टी वाजली. सवयीने सगळे बाहेर आले, सवयीने नाचू लागले. मास्तरांनी पाटी आणली, जोड वाटले. एक उरला.

दत्तोबाचा चेहरा उतरला. "मास्तर, माझाच हाय त्यो! गंमत कराय सकाळी तुमची नजर चुकवून जादा ठेवलता!"

"आन पायात हाय त्यो कुणाचा?"

"त्योबी माझाच की!"

"लबाड बोलतोस. दोस्त आत विडी वढत बसला असंल, त्याला झाकतोस."

आम्ही धरेपर्यंत मास्तर ओलं पोतं डोक्यावर घेऊन आत गेले होते.

आम्ही हौदातलं पाणी मारत राहिलो. धुरातून त्यांची हाक येत होती. "अरं कोन हाईस? मारत न्हाय, भाईर ये!" मग हाक थांबली. दत्तोबा लहान मुलासारखा रडायला लागला.

मास्तर आले ते भुवया जाळून. दोन कपाटं गेली होती, त्यांच्याविषयी ते चकार शब्द बोलले नाहीत. "आत कुनी न्हाय," म्हणाले आणि फरशीवर बसले. दत्तोबा मार खायला पुढे झाला. मास्तरांनी त्याच्या पायांकडे बघितलं. "खरंच तुझं व्हय ते? मग ब्येस झालं."

मी कोनाड्यातून त्यांचा जोड आणून पुढ्यात ठेवला. "मास्तर, हा रांगेत का नाही ठेवत?"

माझ्याच खिशात विडी सापडावी तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"माझा जोड उरला, तर मला हुडकाय कुनीतरी आत जाईल की. तुमची घरात वाट बघत्यात. माझी कोन बघतंय?"

पुढे एकदा कामावरच त्यांना ताप चढला. आम्ही बैलगाडीत निजवून घरी नेलं. त्यातून ते उठले नाहीत.

दफन करून आम्ही थेट लायब्ररीत आलो. दत्तोबाने हौदामागचं पोतं उचललं, मास्तरांचा जोड काढला आणि दाराशी रांगेच्या टोकाला नीट लावून ठेवला. संध्याकाळी एकेक जण पायताण घालून गेला. मी कुलूप हातात घेऊन उभा राहिलो. एक जोड उरला होता, आणि दार लावायला माझा हात धजेना.