मेश्राम मास्तरांच्या डब्या

नागपूरच्या मे महिन्यात लोकरी हातमोजे घालून अंगणात बसणाऱ्या माणसास वेडा ठरविण्यासाठी कोणतेही न्यायालय साक्षीपुरावा मागणार नाही. आमचे शेजारी मेश्राम मास्तर तसे बसत. समोर रिकाम्या डब्यांचा ढीग असे: चुन्याच्या, काजळाच्या, फोटोच्या रोलच्या. मोजे घातलेल्या बोटांनी ते एकेक झाकण उघडू पाहत आणि न उघडल्यास "नापास!" म्हणून डबी भिरकावून देत. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, तरी नापास करण्याची त्यांची हौस फिटली नव्हती.

घरी येणाऱ्याने पाणी पिण्यापूर्वी खिसे दाखवावेत, असा त्यांचा दंडक होता. माझी तपकिरीची डबी त्यांनी तपकिरीसह जप्त केली. "साहेब, झाकण लय गुणाचं हाये जी!" मी न्यायकचेरीत हयात घालविलेली; जप्तीचा हुकूम कोणाचा, असे लेखी विचारले. उत्तरादाखल तपकीर तेवढी पुडीत बांधून परत आली.

हा सारा उपद्व्याप औषध देणाऱ्या यंत्रासाठी होता. त्यांच्या पत्नी शांताबाई हृदयाच्या गोळ्या घेत. घेतल्याचे विसरून पुन्हा घेत, किंवा घेतली समजून मुळीच घेत नसत. म्हणून मास्तरांनी गजराच्या घड्याळास एक कुलूपबंद पेटी जोडली. वेळ झाली की एका वेळेची गोळी असलेली एकच डबी बाहेर सरके आणि विजेची घंटा वाजू लागे. डबी उचलली की घंटा बंद. यंत्र लवकर जमले, डबीच जमेना. पत्र्याची तापून गोळीचा लेप वितळे, काजळाच्या डबीचे झाकण घट्ट बसे, चुन्याची घरंगळे. अखेर झाकणावर कोटाचे बटण चिकटवलेली रोलची डबी उत्तीर्ण झाली.

घंटा मात्र आगगाडी थांबविण्याच्या योग्यतेची! सामाईक भिंतीतून ती थेट माझ्या कानात शिरे. शांततेच्या हक्काचा भंग, या विषयावर मी रजिस्टर टपालाने नोटिसा पाठविल्या. मास्तर भिंतीवरून ओरडत, "नोटीस भेटली जी! म्हंजे आवाज बरोबर पोचून राहिला!" असा निर्लज्ज प्रतिवादी मी पाहिला नव्हता.

पुढे हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी मास्तर इस्पितळात गेले. घरी शांताबाई आणि यंत्र. त्याच संध्याकाळी घंटा सुरू झाली ती थांबेचना. अर्धवट लिहिलेली नोटीस हाती घेऊनच मी त्यांच्या दारात गेलो.

शांताबाई पदराने कान झाकून बसल्या होत्या. "मी तं घेतली गोळी, भाऊ. हे यंत्रच येडं झालं."

पुरावा तपासण्यात माझा जन्म गेला. डबी जागेवर होती. गोळी आत होती. मी डबी उचलताच घंटा थांबली. डबी मी त्यांच्यापुढे धरली. त्यांची बोटे संधिवाताने आखडलेली, मोजे घातल्यासारखी जड. तरी बटणास धरून झाकण सहज उघडले. गोळी पाण्याबरोबर पोटात गेली, तेव्हा कुठे माझा श्वास मोकळा झाला.

"मास्तर सांगून गेले," त्या हसून म्हणाल्या, "घंटी नाही थांबली तं घाबरू नोको. साहेब भांडाले येतीनच. घडी बंद पडंन, त्यायचा राग नाही बंद पडनार."

सकाळी तोंडाला दाढीचा साबण तसाच ठेवून मी भिंतीशी उभा राहिलो. घंटा वाजली. लगेच थांबली. मी स्वस्थपणे दाढी पुरी केली आणि इस्पितळाच्या पत्त्यावर लिहिले: "महोदय, आज सकाळी घंटा वाजली व तत्काळ थांबली. तथापि तिचा आवाज पूर्वीपेक्षा कमी भासतो. परत येताच दुरुस्ती करावी, अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल."